आनंद आणि गेल्फांड : सतरा चालींचा डाव

नातवंडे ज्याला 'शाहमात' म्हणतात ते आपले बुद्धिबळच. शह आणि मात हे आपले शब्दही त्याच घराण्यातले. आपला वजीर इथे 'माल्का', म्हणजे राणी होतो; प्यादे मात्र 'रागली', म्हणजे पायदळच राहते. एवढे ध्यानात ठेवले की पुढचा डाव समजायला कठीण नाही.

मे २०१२ मध्ये मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह कलादालनात जगज्जेतेपदासाठी भारताचे विश्वनाथन आनंद आणि इस्राएलचे बोरिस गेल्फांड समोरासमोर बसले. एकीकडे जन्मभूमी, दुसरीकडे इथले घर. आपण कोणाचा जय मागावा? मिन्स्क शहरात जन्मलेले गेल्फांड १९९८ साली इस्राएलला आले होते. पहिले सहा डाव बरोबरीत सुटले, सातवा गेल्फांड यांनी जिंकला. २१ मे रोजी आठवा डाव झाला.

गेल्फांड काळ्या मोहऱ्यांनी 'किंग्ज इंडियन' पद्धतीने खेळले. यात आधी घोडा बाहेर काढतात, मग एक प्यादे एकच घर पुढे सरकवून त्यामागे उंट बसवतात. जुन्या हिंदी खेळात प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चाले. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याचे मोहेशचंद्र बॅनर्जी अशी मांडणी करीत. 'इंडियन' हे नाव त्यातूनच आले.

चौदाव्या चालीला गेल्फांड यांनी वजीर पुढे आणला. हिशेब सरळ होता : आनंद घोडा मारतील, आपण प्यादे मारून शह देऊ आणि मग कोपऱ्यातला हत्ती घेऊ. तसेच घडले. पण सतराव्या चालीला आनंद यांनी आपला वजीर दोन घरे सरकवला आणि कोपऱ्यातल्या काळ्या वजिराच्या वाटा बंद झाल्या. पुढच्या चालीत पांढरा उंट बाजूला होताच मागचा हत्ती त्याच्यावर रोखला जाणार होता. आणखी एक घोडा देऊन वजीर सुटला असता, पण डाव वाचला नसता. गेल्फांड यांनी हार मानली. जगज्जेतेपदाच्या निकाली डावांत हा सर्वांत लहान.

तरीही त्रेचाळीस वर्षांचे गेल्फांड खचले नाहीत. उरलेले चार डाव बरोबरीत सोडवून त्यांनी सामना ६–६ असा राखला. शेवटी जलद डावांत आनंद २½–१½ असे जिंकले.

नातवंडांना हा डाव पटावर जरूर मांडून दाखवावा. मोहरा मारण्याआधी परतीचे घर पाहावे, हे त्यांना लगेच कळेल.