परदेशात गोदीकामाला जाताय? आधी हे वाचा

मुंबई : दक्षिण मुंबईतल्या नौदल गोदीत २१ जुलै २०२४ ला दुरुस्तीसाठी लावलेल्या ‘आयएनएस ब्रह्मपुत्रा’ला आग लागली. एका नौसैनिकाचा जीव गेला. गोदीत उभं जहाजही धोक्याचंच.

आखातात अशा कामाला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं : बंद टाकीतला गंज ऑक्सिजन खातो. हवेत तो सुमारे २१ टक्के असतो, १९.५ च्या खाली असेल तर उतरू नका. हवा मोजल्याशिवाय आत जायचं नाही, बाहेर एक माणूस हवाच. आत कुणी कोसळला तरी तसंच धावत उतरू नका, दुसराही जातो. जुना रंग घासताना रुमाल पुरत नाही, फिल्टरचा मास्क मागा.

दहावी पास नसलेल्यांना आखातासाठी ई-मायग्रेटची मंजुरी लागते. सोबतच्या प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला १० लाखांचं संरक्षण आहे. पॉलिसीची प्रत घरी ठेवूनच निघा.