न दिसणाऱ्या कपाटाची झाडलोट

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरी पुस्तकांना ऊन दाखविण्याचा प्रघात आहे. कपाटे रिकामी करायची, गच्चीवर चटया अंथरायच्या, कसर झटकायची, आणि झटकता झटकता एखादे जुने पुस्तक उघडून तिथेच बसकण मारायची! यंदा मात्र मी निराळ्याच कपाटाला हात घातला. त्याला ना फळ्या, ना काचा. गेल्या आठनऊ वर्षांत जमविलेली आमची ४१२ ई-पुस्तके त्यात आहेत. त्यांना वाळवी लागत नाही हे खरे. पण दुसरीच एक कीड लागते, आणि लागल्याचा पत्ताही लागत नाही.

आम्हाला तो लागला आईमुळे. तिचे वय ८१. मोतीबिंदू काढल्यावरही तिला बारीक टाइप वाचवत नाही. वाचनयंत्रावर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, म्हणून ती सारे वाचन त्यावरच करते. गेल्या पावसाळ्यात ते यंत्र दगावले. दुसऱ्या कंपनीचे नवे आणले, तर तिसरा हिस्सा पुस्तके त्यावर उघडेचनात! रोख पैसे मोजून घेतलेली पुस्तके! दुकानाला पत्र धाडले. उत्तर मोठे विनयशील होते: ही पुस्तके आमच्याच यंत्रावर वाचता येतील.

मग आपण विकत घेतले तरी काय? २००९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत याचा मोठा बोभाटा झाला होता. ॲमेझॉन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून दोन पुस्तके परस्पर काढून घेतली. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्कच नव्हते, हे कारण. पैसेही परत केले. परंतु ती पुस्तके कोणती म्हणाल? जॉर्ज ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’! दैवाला विनोदबुद्धी नाही असे कोण म्हणेल? मालक जेफ बेझोस यांनी जाहीर माफी मागितली. पुढे २०१९ साली मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकानच बंद केले. पैसे परत मिळाले, पण पुस्तके मिटली ती मिटलीच. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने, घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची जुनी सोयही काढून टाकली. कॅलिफोर्निया राज्यात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच झाला आहे की, वाचण्याचा नुसता परवाना देत असाल तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगा. ‘खरेदी’ म्हणून भुलवू नका. म्हणजे आम्ही मालक नव्हतो, भाडेकरू होतो. तेही पावतीशिवायचे!

तेव्हा बिऱ्हाड हलवायचे ठरले. कुठे, हे सांगण्यास ‘ई-पब’ म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. २००७ पासून मान्य झालेला हा ई-पुस्तकांचा खुला साचा. त्याची रचना जाहीर आहे, ती कोणीही वापरावी, कोणाला दाम देणे नाही. फाइलीच्या नावाचे शेपूट बदलून ‘झिप’ केले की गाठोडे सुटते. आत प्रकरणे निरनिराळी, मुखपृष्ठाचे चित्र, आणि कोणते पान कोणत्यामागून यावे याची यादी. वेबवरची पाने ज्या खुणांनी बांधतात त्याच खुणांनी ही बांधलेली. उद्या सगळ्या कंपन्या बुडाल्या तरी ते वाचणारा कोणीतरी निघेल.

हमाल मिळाला तोही फुकट, आणि आपल्याच देशाचा. सोनीचे एक वाचनयंत्र २००६ साली निघाले. ते लिनक्सवर चालेना, म्हणून कोविद गोयल या भारतीय तरुणाने स्वतःच एक प्रोग्राम लिहिण्यास घेतला. २००८ मध्ये त्याचे नाव ‘कॅलिबर’ झाले. त्यातल्या ‘लिब्र’चा अर्थ मुक्त. याची संहिता कोणीही पाहावी, सुधारावी. माझी १६३ पुस्तके, बहुतेक जुन्या ‘मोबी’ साच्यातली, त्याने एका रात्रीत ई-पब करून दिली. सकाळी उठून पाहतो तो लेखकवार, विषयवार रांगेने उभी! मूळ फाइली मात्र मी टाकल्या नाहीत. बिऱ्हाड हलविताना जुनी खोली लगेच सोडू नये.

खरी रड पुढेच होती, आणि ती मराठीची होती. मराठी पुस्तकांच्या ११२ पीडीएफ फाइली होत्या. पीडीएफ म्हणजे छापील पानाचे चित्रच जणू. अक्षर मोठे करावे तर ओळ पडद्याबाहेर धावते, आणि आई वैतागते. कॅलिबरला त्या दिल्या, तर ई-पबमध्ये इंग्रजी अक्षरे, आकडे आणि उद्गारचिन्हे यांची खिचडी! कारण सोपे आहे. आपल्या छापखान्यांत वर्षानुवर्षे श्रीलिपी, आकृती अशा संचांवर जुळणी झाली. त्यांपैकी बऱ्याच टंकांत संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच असते. वर मुखवटा तेवढा देवनागरीचा. मुखवटा काढला की झाले! युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. परंतु जुळणीची सवय कोण मोडणार?

रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत, पण तेही अडखळतात. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी, अक्षराच्या आधी, नोंदलेली. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे मागून येते. तेवढी अदलाबदल चुकली की ‘दिवाळी’ची ‘िदवाळी’ झालीच म्हणून समजा. रफाराचीही तीच गत. आणि नुसती छायाचित्रे असलेली पीडीएफ आली की ‘टेसरॅक्ट’ नावाच्या दुसऱ्या मुक्त प्रोग्रामकडून अक्षरे ओळखवून घ्यावी लागतात. त्याला मराठी येते. पण फिकट छपाईत ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात, ‘भ’ आणि ‘म’ही. ‘भाऊ’चा ‘माऊ’ झालेला मी स्वतः पाहिला. मुद्रितशोधनाला तरणोपाय नाही. चार महिन्यांत माझी ३१ पुस्तके झाली. बाकीची पुढच्या दिवाळीपर्यंत होतील असे मी म्हणतो. घरात कोणाचा विश्वास नाही.

राहिली दुकानाच्या कुलपातली १३७. कॅलिबर कुलपाला हात लावत नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आले. हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद. घरच्या घरी वाचण्याला तो हेतू म्हणता येत नाही, असे मला वाटते. पण खरेदीच्या वेळी लांबलचक करार न वाचता ‘मान्य’वर बोट ठेवणारा मीच. त्या वाटेला गेलो नाही.

यादी चाळताना मात्र कपाळाला हात लावला. तिच्यात हरि नारायण आपटे होते, साने गुरुजी होते! आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. आपटे १९१९ साली गेले, गुरुजी १९५० साली. जे साऱ्यांचेच झाले आहे तेही मी पैसे देऊन कुलपात घेतले होते. मराठी विकिस्रोतावर स्वयंसेवकांनी मुदत संपलेली अनेक पुस्तके तपासून ठेवली आहेत, ती ई-पब करून उतरविता येतात. तिथून आणि इतर ठिकाणांहून २३ पुस्तकांची खुली प्रत मिळाली.

उरलेल्या ११४ साठी आईचे जुने यंत्र दुरुस्तीवाल्याकडे नेले. त्याने बॅटरी बदलली, आणि ते उठून बसले. त्याचे वाय-फाय मी बंद करून ठेवले आहे, म्हणजे दुकानाला आत डोकावता येऊ नये. आता आईच्या उशाशी दोन यंत्रे असतात. काळ्या कव्हराचे भाड्याचे, लाल कव्हराचे आपले. काल तिने लाल यंत्रातले ‘श्यामची आई’ उघडून मला हाक मारली, आणि तिसऱ्या पानावर राहिलेली एक वेलांटी दाखविली.