साहेब परत आले, ज्ञान कुठे राहिले?

घोटीच्या एका बाजूला इगतपुरीत महिंद्राचा इंजिनांचा कारखाना आहे, दुसऱ्या बाजूला नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत बॉश आहे. अशा कंपनीत लागायचं आणि कंपनीच्या खर्चाने परदेशी जायचं, हे हॉस्टेलमधल्या निम्म्या मुलांचं स्वप्न! जाण्याबद्दल सगळेच बोलतात. पण परत आल्यावर काय? लाखो रुपये खर्चून पाठवलेला माणूस जे शिकून आला, ते बाकीच्यांपर्यंत पोहोचतं का?

बहुतेक वेळा परत आलेल्या माणसाकडून रिपोर्ट मागतात, एक प्रेझेंटेशन होतं, चहा-बिस्किटं होतात आणि फाइल कपाटात जाते. यात अडचण अशी, की ज्ञान दोन प्रकारचे असते. एक कागदावर लिहिता येणारे: ड्रॉइंग, मापे, तापमान. दुसरे हाताला आणि नजरेला कळणारे. मायकेल पोलान्यी या विचारवंताने या दुसऱ्या प्रकारावर 1966 साली पुस्तकच लिहिले. आपल्याला लांब जायला नको. भाताचा दाणा दाताखाली चावून तो किती वाळलाय हे सांगणारा माणूस घोटीच्या बाजारात भेटेल. त्याला म्हणा, "काका, हे लिहून द्या!" तो हसेल. ते त्याच्याजवळ बसून, दाणे चावूनच शिकावं लागतं.

याचं मोठं उदाहरण अमेरिकेत घडलं. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा कारखाना जनरल मोटर्सने 1982 मध्ये बंद केला. गैरहजेरी आणि भांडणं यासाठी तो बदनाम होता. 1984 मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटाने मिळून तो 'नुम्मी' नावाने पुन्हा सुरू केला. कामगार बरेचसे जुनेच. त्यातल्या शेकडो जणांना तुकड्या-तुकड्यांनी जपानला नेऊन टोयोटाच्या लाइनवर उभं केलं. चूक दिसली की दोरी ओढायची, गरज पडली तर लाइन थांबवायची, आणि कोणी रागवायचं नाही. ही मंडळी परत येऊन एकाच कारखान्यात, एकमेकांच्या शेजारी कामाला लागली. थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची क्वालिटी जपानच्या तोडीची झाली.

आता दुसरी बाजू बघा. नुम्मीत शिकायला जनरल मोटर्सने आपले मॅनेजरही ठेवले होते. ते शिकले, भारावून परतले. पण त्यांचं पुढे काय करायचं हे कंपनीने ठरवलंच नव्हतं! एक इथे, एक तिथे असे ते विखुरले गेले. एकटा माणूस "लाइन थांबवा" म्हणू लागला तर जुने लोक कसे ऐकणार? एका मॅनेजरला तर नुम्मीच्या इंच न् इंच जागेचे फोटो काढून तसाच कारखाना बनवायला सांगितल्याचा किस्सा आहे. पण फोटोत दोरी दिसते. ती ओढल्यावर साहेब ओरडत नाही, हे फोटोत कुठून दिसणार? नुम्मीची पद्धत कंपनीभर पसरायला खूप वर्षं लागली. 2009 मध्ये जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. कारणं अनेक होती, पण घरातच असलेलं ज्ञान उशिरा वापरलं, हेही खरं.

म्हणजे सूत्र सोपं आहे. शक्यतो एकट्याला नव्हे, गटाला पाठवा; गटात ऑफिसरबरोबर कामगारही असू द्या. परत आल्यावर शिकलेलंच काम द्या आणि हाताखाली दोन ज्युनिअर द्या. आणि त्याच्या वरिष्ठाने ऐकून घ्यायची तयारी ठेवा. नाहीतर कंटाळून तो दुसऱ्या कंपनीत जातो आणि ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

आपल्याकडेही वेगळं काय होतं? सीनियर्स इन-प्लांट ट्रेनिंग करून येतात, स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट जमा होतो आणि त्यावर धूळ बसते. त्यापेक्षा मेस सुटल्यावर त्यांना गाठा, वर्कशॉपमधल्या लेथपाशी उभं करा आणि म्हणा, "दादा, ताई, करून दाखवा ना!" सरांनीही त्यासाठी एक प्रॅक्टिकल मोकळं ठेवलं तर फारच उत्तम!