भिंत, पण पाणी पिणारी!

दोस्तांनो, कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवर पोपटी रंगाचं, पातळ, निसरडं शेवाळ पाहिलंय का? ते बहुधा उल्व्हा असतं. पानासारखं दिसतं खरं, पण त्याला ना शिरा, ना खरी मुळं. जाडी म्हणाल तर फक्त दोन पेशींची!

एवढंसं ते! लाटांचा मार खातं, ओहोटीत उन्हात वाळतं आणि भरती आली की पुन्हा टवटवीत. हे जमतं कसं?

त्याची पेशीभित्तिका बघा. तिच्यात सेल्युलोजचे ताठ धागे असतात, ते तर आपल्या झाडांतही असतात. पण त्यांच्या जोडीला इथे असतं उल्व्हान. ही साखरेच्या मण्यांची लांबच लांब माळ. रॅम्नोज हा तिचा मुख्य मणी, आणि त्याला सल्फेट चिकटलेलं, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजन. सल्फेटवर ऋण विद्युतभार असतो, तो पाणी धरून ठेवतो. फालुद्यातला सब्जा कसा फुगतो, आठवतंय ना? तसाच काहीसा प्रकार. म्हणून भिंत मजबूतही आणि लवचीकही.

या माळेत इड्युरोनिक आम्ल नावाचा आणखी एक मणी असतो. जमिनीवरच्या झाडांत तो सहसा सापडत नाही. सापडतो कुठे? प्राण्यांच्या शरीरात! रक्त गोठू नये म्हणून डॉक्टर देतात त्या हेपरिनमध्येही तो आहे. आहे की नाही गंमत?

पण हेच शेवाळ बेसुमार वाढलं तर मात्र पंचाईत. शेतातली खतं वाहत समुद्रात गेली की त्याचं फावतं. २००८ मध्ये ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यतींआधी चीनमधल्या चिंगदाओच्या किनाऱ्यावरून १० लाख टनांहून जास्त शेवाळ उपसावं लागलं. ते ढिगाने कुजलं की आतले जीवाणू सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू बनवतात. सडक्या अंड्याचा वास येतो ना, तोच. २००९ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावर अशा ढिगात रुतलेला एक घोडा मेला. स्वार बेशुद्ध पडला, पण वाचला. तेव्हा किनाऱ्यावर कुजक्या शेवाळाचा ढीग दिसला, तर लांबूनच बघा बरं!

या माळेचा एक एक मणी सुटा करणारे जीवाणूही समुद्रातच आहेत. फॉर्मोसा नावाचा जीवाणू त्यासाठी डझनभर विकरं वापरतो, हे २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी उलगडलं. ती विकरं वापरून उपसलेल्या शेवाळापासून उपयोगी साखर मिळवता येईल का, याचा शोध आता चालू आहे.