विश्लेषण : मर्चंट, गावस्कर की तेंडुलकर? वेगवेगळ्या काळांतील महान खेळाडूंची तुलना कशी करायची?

दिंडोशीतल्या एखाद्या सोसायटीच्या कट्ट्यावर क्रिकेटचा विषय निघाला की वाद ठरलेला. आजोबांचे सुनील गावस्कर, वडिलांचा सचिन तेंडुलकर आणि नातवाचा जवळच्याच बोरिवलीत वाढलेला रोहित शर्मा. विजय मर्चंट यांचे नाव मात्र क्वचितच निघते. मुंबईच्या या फलंदाजांत सर्वश्रेष्ठ कोण, हे खरेच ठरवता येते का?

आकडे काय सांगतात?

सचिनने 1989 ते 2013 या काळात 200 कसोटींत 53.78 च्या सरासरीने 15,921 धावा केल्या, शतके 51. गावस्करांच्या नावावर 1971 ते 1987 दरम्यान 125 कसोटींत 51.12 च्या सरासरीने 10,122 धावा आणि 34 शतके आहेत. मर्चंट यांच्या वाट्याला आल्या केवळ 10 कसोटी. त्यांत 859 धावा, सरासरी 47.72. एवढ्यावरच निकाल लावायचा तर सचिन पहिला आणि मर्चंट शर्यतीतही नाहीत.

मग अडचण कुठे आहे?

आकड्यांमागची परिस्थिती सारखी नाही. गावस्करांनी कारकीर्दीचा बहुतांश काळ हेल्मेटविना सलामीला उभे राहून वेस्ट इंडिजच्या वेगवान माऱ्याला तोंड दिले आणि त्यांच्याविरुद्ध 13 शतके झळकावली. एका षटकात किती बाउन्सर टाकायचे, यावर 1991 पासून मर्यादा आली. तोवर गावस्कर निवृत्त झाले होते. दुसरीकडे, सचिनला कसोटीबरोबरच 463 एकदिवसीय सामन्यांचे ओझे होते. गावस्कर 108 एकदिवसीय सामने खेळले. रोहितच्या एकदिवसीय क्रिकेटमधील तीन द्विशतकांची तुलना तर जुन्या कशाशीच होऊ शकत नाही.

अभ्यासक कोणती पद्धत वापरतात?

खेळाडूची तुलना दुसऱ्या काळातील खेळाडूशी न करता, आधी त्याच्या समकालीनांशी करायची. तो त्यांच्यापेक्षा किती पुढे होता, हे मोजायचे आणि मग ते अंतर ताडून पाहायचे. ऑस्ट्रेलियाचे सांख्यिकी अभ्यासक चार्ल्स डेव्हिस यांनी याच पद्धतीने वेगवेगळ्या खेळांतील दिग्गजांना एका मापात बसवले. त्यांच्या मांडणीत डॉन ब्रॅडमन हे फुटबॉलमधील पेले आणि गोल्फमधील जॅक निकलॉस यांच्याही पुढे आहेत.

गोल्फमध्येही हाच वाद?

होय. निकलॉस यांची 18 मेजर विजेतेपदे आणि टायगर वूड्सची 15. निकलॉस यांच्या उमेदीच्या काळात लाकडी तोंडाचे क्लब वापरात होते. वूड्सच्या काळात धातूचे क्लब आणि लांब जाणारे चेंडू आले. पण साधने सुधारली ती सर्वांचीच. त्यामुळे प्रश्न उरतो तो, समकालीनांवर कोणी जास्त वर्चस्व गाजवले, एवढाच.

या मापाने मुंबईकरांचे काय होते?

गावस्कर आणि सचिन यांच्या सरासरीतील फरक जवळपास पुसला जातो. गावस्करांच्या काळात पन्नाशीपुढची सरासरी दुर्मीळ होती. सचिनच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धात ती अनेकांनी गाठली. खरा बदल होतो तो मर्चंट यांच्याबाबतीत. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी 71.64. दीर्घ कारकीर्द असलेल्यांत त्यांच्या पुढे केवळ ब्रॅडमन, 95.14. त्या काळी देशातील खेळपट्ट्या फलंदाजांना अनुकूल होत्या, हा आक्षेप रास्त आहे. मात्र 1946 च्या इंग्लंड दौऱ्यात, न झाकलेल्या खेळपट्ट्यांवरही त्यांनी दोन हजारांहून अधिक धावा केल्या.

आकडेवारीत काय दिसत नाही?

न मिळालेली संधी. ऑगस्ट 1936 ते जून 1946 या काळात भारत एकही कसोटी खेळला नाही. त्यात महायुद्धाची वर्षेही गेली. मर्चंट तेव्हा 24 ते 34 वर्षांचे होते. फलंदाजाची हीच सर्वोत्तम वर्षे. चाळिशीत, 1951 मध्ये ते दिल्लीत अखेरची कसोटी खेळले आणि इंग्लंडविरुद्ध 154 धावा करून थांबले.

म्हणूनच ‘सर्वश्रेष्ठ कोण’ यापेक्षा ‘आपल्या काळाच्या किती पुढे’ हा प्रश्न अधिक न्याय्य ठरतो. त्याने कट्ट्यावरचा वाद मिटणार नाही; पण त्यात मर्चंट यांनाही जागा मिळेल.