चिमुकल्या हातांचे ठसे



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा आणि खतांच्या मात्रा यांविषयी लिहितो. या खेपेस विषय घरातल्या दोन-तीन वर्षांच्या पोरांचा आहे.

गौरी येतात तेव्हा आयाबाया मूठ ओल्या पिठात बुडवून जमिनीवर टेकवतात, वर बोटांचे पाच ठिपके देतात. हाताचं पाऊल होतं! घरातलं पोर ते टक लावून बघतं आणि आपलाही हात पुढे करतं. त्याला 'शिवू नको' म्हणण्याऐवजी कागद द्यावा. पेन्सिल धरता येण्याआधी सबंध पंजा हीच त्याची पेन्सिल.

ठशाला गोष्टीची जोड दिली की पुस्तकाचीही गोडी लागते. अमेरिकेतील एरिक कार्ल यांचे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे चित्रपुस्तक १९६९ साली निघाले. त्यातला खादाड सुरवंट सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन पेअर असा वाढता आहार घेतो आणि शेवटी फुलपाखरू होतो. चित्रे दाखवत ही गोष्ट सांगावी. मग अंगठ्याचे ठिपके ओळीने उमटवले की झाला सुरवंट. दोन तळव्यांचे ठसे शेजारी घेतले की झाले पंख. कोणी म्हणेल, अळीचं कौतुक कशाला? अहो, आपल्या खोडकिड्याची अळीही कोषात जाऊन पतंगच होते. पोराला हे आत्ताच कळलं तर बरंच!

माधुरी पुरंदरे यांच्या 'राधाचं घर' मालिकेत छोटी राधा घरच्या माणसांची ओळख करून देते. ती वाचून आजीपासून बाळापर्यंत सर्वांचे पंजे एका कागदावर घ्यावेत.

कृती सोपी आहे.

१. तांदळाच्या पिठाची पातळ खळ शिजवून गार करावी. तिचे तीन भाग करून घरी दळलेली हळद, बिटाचा रस व पालकाचा रस मिसळावा.

२. ताटलीत ओल्या फडक्याची घडी ठेवून तिच्यावर रंग पसरावा; हात त्यावर टेकवावा. जुन्या कॅलेंडरची पाठ कागदाला चालते.

३. पायाच्या ठशासाठी पोराला मांडीवर घेऊन कागद तळव्याशी न्यावा. ओल्या फरशीवर उभे करू नये, पाय घसरतो.

४. ठसा फरफटला तरी आपण सुधारू नये. पोराने हात मागे घेतला तर बळजबरी नको.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. कीटकनाशकाचा किंवा तणनाशकाचा रिकामा डबा, मापटे, झाकण, कितीही धुतले तरी रंगासाठी घेऊ नये. या वयाचं पोर हात तोंडात घालतंच. ऑइलपेंट आणि बिनखात्रीचा गुलालही नको.

शेवटी टोळ्यांच्या मुलांविषयी. हंगामात ही पोरं कोपीपाशी नाहीतर फडाच्या बांधावर दिवस काढतात. अंगणवाडी १९७५ साली सुरू झाली ती सहा वर्षांपर्यंतच्या सगळ्याच मुलांसाठी. परगावचं म्हणून कोणी दाराबाहेर राहू नये. सभासदांनी आपल्या फडावरील मुकादमास अंगणवाडीची वाट दाखवावी. तिथे प्रत्येक पोराचे दोन ठसे घ्यावेत: एक भिंतीवर लावावा, दुसरा आईच्या हाती द्यावा. पट्टा पडला की ती माऊली गावाकडे निघेल, तेव्हा पोराच्या हातची एवढी तरी खूण तिच्या ट्रंकेत असेल.

— ऊस विकास अधिकारी