जैविक हल्ला आणि नाक्यावरचं मेडिकल

‘जैविक हल्ला झालाच तर लष्कर बघेल, मोठी इस्पितळं बघतील. मेडिकलवाल्याचा काय संबंध?’

संबंध फार जवळचा. 2001 मध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली. आजारी पडले 22, दगावले 5. पण खबरदारी म्हणून सुमारे 10 हजार जणांना 60 दिवस गोळ्या घ्यायला सांगावं लागलं. एवढी औषधं वाटायची, डोस समजावायचा, आधीच्या गोळ्यांशी मेळ बघायचा, हे काम फार्मासिस्टचं.

‘मग चार स्ट्रिप आजच आणून ठेवू.’ नको. 1994 मध्ये बीड-सुरतच्या प्लेगच्या बातम्या आल्या आणि मुंबईत टेट्रासायक्लिन या अँटिबायोटिकवर उड्या पडल्या. रोग ठरल्याशिवाय गोळी ठरत नाही. देवीच्या विषाणूपुढे तर अँटिबायोटिक निरुपयोगीच. चिठ्ठीशिवाय ‘मिळणार नाही’ म्हणणारा मेडिकलवाला आखडू वाटतो खरा, पण खऱ्या रुग्णासाठी साठा उरतो तो त्याच्यामुळे.

‘ती औषधं खास असतात, बदलापुरात कुठली!’ उल्हास नदीचं पाणी वस्तीत शिरलं की लेप्टोस्पायरोसिसच्या धास्तीने डॉक्टर लिहून देतात ती डॉक्सिसायक्लिन प्लेग आणि अँथ्रॅक्सवरही वापरतात. ती ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्याने गिळून झोपलात तर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. लोहाच्या किंवा अ‍ॅसिडिटीच्या गोळीबरोबर घेतली तर गुण कमी येतो. हे सांगायला काउंटरवर शिकलेला माणूस हवा. भिंतीवर नुसतं लायसन्स टांगून भागत नाही.

सगळ्यात घातक समज म्हणजे ‘हल्ला झाला की लगेच कळेल’. तो आपल्याकडे पक्का बसलाय, कारण आपल्याला वायुगळतीची सवय. जून 2021 मध्ये बदलापुरात रात्री गळती झाली तेव्हा डोळ्यांनी आणि घशाने तत्काळ वर्दी दिली. जंतूंना ना वास, ना घाई. प्लेगची लक्षणं दिसायला काही दिवस जातात, अँथ्रॅक्सला कधी आठवडेही. तोवर माणूस दवाखान्यातही जात नाही, नाक्यावरून तापाची गोळी आणि खोकल्याचं औषध नेतो. एकाच चाळीतले दहा जण दोन दिवसांत तेच औषध मागू लागले, तर ते आधी दिसतं मेडिकलवाल्याला. दिसलं तरी कळवायचं कोणाला, हे त्याला ठाऊक हवं.

उल्हासनगर महापालिकेने आणि अंबरनाथ, बदलापूरच्या नगरपरिषदांनी आपापल्या आरोग्य अधिकाऱ्याचा फोन नंबर प्रत्येक मेडिकलमध्ये लावावा. खर्च एका कागदाचा आहे.